गाळा मिळतो, हॉटेल मिळत नाही

मुंबईत एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली आणि तिच्या तळमजल्यावर साठ-सत्तर वर्षांचं हॉटेल असलं, की हळहळणाऱ्यांची समजूत एकाच वाक्यात काढली जाते : ‘‘हॉटेलवाल्याचं काही बुडत नाही, त्याला नव्या इमारतीत तेवढाच गाळा मिळणार आहे.’’ वाक्य खरं आहे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाडेकरूंच्या इमारतींच्या पुनर्विकासाला मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला जो 33(7) हा नियम लावतात, त्यात राहत्या भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचं घर आणि दुकानदाराला त्याच्या ताब्यात होती तेवढी जागा द्यायची तरतूद आहे. इमारत उभी राहते, गाळाही मिळतो. पण बहुतेक वेळा त्या गाळ्यात बँकेची शाखा येते, औषधांचं दुकान येतं, नाहीतर मोबाइलचं. हॉटेल येत नाही.

नियम पाळला गेला, कुणाची फसवणूक झाली नाही, तरी वस्तीनं काहीतरी गमावलं. जे गमावलं त्याची नोंद नियमावलीत कुठेच नाही. माझा आक्षेप या न झालेल्या नोंदीवर आहे. जुनं हॉटेल मालकाच्या ताब्यातली जागा असते, पण रोज तिथे येऊन बसणाऱ्यांचाही तिच्यावर हक्क साठत गेलेला असतो, आणि पुनर्विकासाचा कायदा या दुसऱ्या हक्काला ओळखत नाही. त्यानं तो ओळखावा आणि त्याची किंमत शहरानं उघडपणे मोजावी, असं मला वाटतं.

आधी हॉटेल परत का येत नाही ते पाहू. ‘आता असल्या जागा चालतच नाहीत’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही.

पहिलं कारण काळ. इमारत रिकामी झाली की विकासक भाडेकरूंना पर्यायी जागेचं भाडं देतो. हॉटेलमालकालाही ते मिळतं. पण गल्ल्यावर बसणारा, भटारखान्यातला आचारी, चहा करणारा, टेबलं पुसणारी मुलं यांना काहीही मिळत नाही, कारण ते भाडेकरू नाहीत. मुंबईच्या जुन्या हॉटेलांत कितीतरी कामगार रात्री त्याच जागेत, टेबलं सरकवून झोपत आले. त्यांचं काम आणि निवारा एकाच दिवशी जातो. कुणी उडुपीला परततो, कुणी नालासोपाऱ्याला दुसऱ्या हॉटेलात लागतो. कागदावर तीन वर्षं म्हणून निघालेलं बांधकाम पाच-सात वर्षं रेंगाळलं, तर परत बोलवायला माणसं उरत नाहीत. चहाची चव, उसळीचा रस्सा, कोणत्या गिऱ्हाइकाला साखर कमी लागते हे सगळं त्या माणसांच्या हातात आणि डोक्यात होतं. ते कुठल्याही करारनाम्यात लिहून ठेवता येत नाही.

दुसरं कारण मोजणी. हॉटेल नुसतं चार भिंतींत चालत नाही. वर पोटमाळा असतो, तिथे पोती आणि भांडी. मागच्या चौकात मोरी असते, तिथे धुणं-विसळणं. दाराबाहेर ओटा असतो, त्यावर सकाळी पाववाला पाट्या उतरवतो आणि संध्याकाळी म्हातारी माणसं टेकतात. पुनर्विकासाची मोजणी होते तेव्हा यातलं जेवढं अधिकृत कागदावर असतं तेवढंच धरलं जातं. उरलेलं ‘वाढीव’ म्हणून सोडून दिलं जातं. मग हातात जो गाळा येतो त्यात टेबलं मांडली तर स्वयंपाकघर बसत नाही, आणि स्वयंपाकघर बसवलं तर टेबलं मांडता येत नाहीत.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं : रस्ता. जुन्या मुंबईच्या इमारती रस्त्याला खेटून उभ्या आहेत. इराण्यांनी तर कोपऱ्यांवरच दुकानं घेतली. कोपऱ्याची जागा इतर व्यापारी अशुभ मानायचे म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. कारण काही असो, कोपरा मिळाल्यामुळे दोन बाजूंनी दारं, दोन बाजूंनी उजेड आणि दोन रस्त्यांवरची माणसं आत येऊ लागली. नवा मनोरा मात्र कुंपणाच्या आत उभा राहतो. खालचे मजले मोटारींचे. रस्त्याकडच्या बाजूला त्यांची चढण, पहारेकऱ्याची चौकी, लोखंडी फाटक. गाळे असले तर कुठेतरी कडेला, चार पायऱ्या चढून. ज्या हॉटेलात माणूस विचार न करता पाय वळतील तसा शिरायचा, तिथे जायला आता ठरवून जावं लागतं. पाच मिनिटांच्या चहासाठी ठरवून कुणी जात नाही.

आणि चौथं कारण पैसा. इथे जरा थांबायला हवं, कारण जुन्या हॉटेलांवर प्रेम करणारी आपण माणसं या मुद्द्याशी क्वचितच प्रामाणिक राहतो.

पंचवीस-तीस रुपयांच्या चहावर दोन तास बसू देणं मालकाला परवडत होतं ते केवळ त्याच्या मोठ्या मनामुळे नव्हे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी जवळपास 1940 च्या पातळीवर गोठवली. 1999 चा नवा कायदा आला तेव्हा वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली, पण ती त्या गोठलेल्या आकड्यावर. फोर्ट, गिरगाव, ग्रँट रोड, दादर, जिथे आजच्या बाजारभावानं लाखांत भाडं जाईल तिथे पागडीचं, म्हणजे सुरुवातीला एकरकमी रक्कम देऊन कायमच्या भाड्यानं घेतलेलं हॉटेल महिना काही शे किंवा काही हजार रुपये भरत राहिलं. म्हणजे आपल्या कपातल्या चहाचा खर्च इमारतीचा मालक सोसत होता. एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून त्यानं ती केली नाही. मग तो खर्च वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनीही सोसला : गळणारी छतं, कुजलेले वासे, मजल्याला मिळून एक संडास. त्या लोकांना पक्कं घर मिळणार असेल तर खालचं हॉटेल टिकावं म्हणून त्यांनी तिथेच राहावं, असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. भेंडीबाजाराजवळची हुसैनी इमारत 31 ऑगस्ट 2017 रोजी कोसळली आणि 33 माणसं गेली. पुनर्विकास हवा की नको, हा प्रश्न त्या मृतांसमोर विचारण्याजोगा नाही. तो हवाच.

पण म्हणूनच मूळ प्रश्न नीट मांडता येतो. स्वस्तात बसण्याची ही सोय इतकी वर्षं घरमालकाच्या खिशातून आणि इमारतीच्या भिंतींतून भागवली गेली. पुनर्विकास झाला की ती सवलत संपते. नव्या इमारतीत देखभालीचा खर्च दरमहा भरावा लागतो, मालमत्ता कर भांडवली मूल्यावर बसतो, अग्निशमनाच्या अटी आणि परवाने नव्यानं घ्यावे लागतात, आणि वर कोट्यवधी रुपये मोजून राहायला आलेल्या कुटुंबांना फोडणीचा वास नको असतो. त्या खर्चात हॉटेल चालवायचं तर चहा शंभर रुपयांचा करावा लागेल. हॉटेलमालक हिशेब मांडतो आणि गाळा बँकेला भाड्यानं देतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही बहुधा तेच केलं असतं. दोष त्याचा नाही. जी सोय अख्खी वस्ती वापरते तिचा खर्च एका कुटुंबानं उचलावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

इथे सरळ विचारलं जाईल की चहा पिण्याच्या सोयीचा खर्च शहरानं का उचलायचा? हॉटेल हा खासगी धंदा आहे. चालला तर चालला, नाहीतर बंद. त्यात सार्वजनिक काय?

याचं उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. कलम 15(2) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही कुठे मज्जाव करता येणार नाही, याची यादी आहे. त्या यादीत विहिरी आहेत, तलाव आहेत, स्नानाचे घाट, रस्ते आहेत, आणि त्यांच्याही आधी दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं आहेत. बारकाईनं वाचलं तर आणखी एक गोष्ट दिसते. विहिरी-तलावांना अट आहे की ते सरकारी पैशानं राखलेले किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेले असावेत. उपाहारगृहाला तशी अटच नाही. मालकी खासगी असली तरी जागा सार्वजनिक, हे 1950 सालीच या देशानं मान्य केलं.

हे कलम हवेतून आलेलं नाही. महाराष्ट्राला त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असायला हवा. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित तरुणानं राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर चहाचं हॉटेल काढलं, ‘सत्यसुधारक’ नावाचं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घ्यायचे आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही घ्यायला लावायचे. एका राजाला जात मोडायची होती तेव्हा त्यानं फतवे काढले, वसतिगृहं काढली, आरक्षण दिलं, आणि चारचौघांत हॉटेलात चहाही प्यायला. चहाच्या दुकानात कुणाच्या शेजारी कोण बसतं, यात समाज घडतो किंवा मोडतो, हे त्याला नेमकं कळलं होतं.

मुंबईत हे काम मोठ्या प्रमाणावर इराण्यांनी केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री माणसांनी इथे चहाची दुकानं टाकली. धोबीतलावचं कयानी 1904 चं, ग्रँट रोड स्थानकासमोरचं मेरवान 1914 चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 चं. त्या काळात स्टेशनवर हिंदू चहा आणि मुसलमान चहा वेगळे होते, हॉटेलांच्या पाट्यांवर जाती होत्या, आणि आपल्या गिरगाव-दादरच्या कितीतरी खाणावळींत पंगत कुणाची ते आडनावावरून ठरायचं. ते आठवताना गोड-गोड बोलण्यात अर्थ नाही. इराण्याकडे मात्र संगमरवरी टेबलावर हमाल आणि कारकून समोरासमोर बसले, एकाच काचेच्या बरणीतली खारी खाल्ली. हे कुणा सुधारकाच्या व्याख्यानानं झालं नाही. बसायला खुर्ची, कपभर चहा, ब्रून मस्का आणि ‘तू कोण’ असं न विचारणारा मालक, एवढ्यानं झालं. बायकांना एकटीनं तिथे बसायला पुढे किती वर्षं लागली हा वेगळा आणि न संपलेला इतिहास आहे; ‘फॅमिली रूम’चे पडदे त्याचीच खूण. पण त्या जागा होत्या म्हणून तो पडदा कधीतरी बाजूला करता आला.

राज्यकर्त्यांना हॉटेलाचं हे सामर्थ्य कळत नाही असं नाही. दिल्लीत कॅनॉट प्लेसचं कॉफी हाउस आणीबाणीत पाडलं गेलं. सरकारविरोधी बोलणं जिथे चालायचं ती जागाच राहिली नाही. उलट 1958 मध्ये कोलकात्याचं कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस बंद झालं तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेज आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज करून ते त्याच वर्षी पुन्हा उघडायला लावलं. आज ते चालू आहे. दोन्ही ठिकाणी त्या जागेचं मोल ओळखणारी माणसं होती. एका ठिकाणी ती बुलडोझरवर होती, एवढाच फरक.

मुंबईत आपण काय केलं? समोवार घ्या. जहांगीर कलादालनातलं हे कॅफे उषा खन्ना यांनी 1964 मध्ये सुरू केलं. लांबट, बोळासारखी जागा, एका बाजूला हिरवळ. एम. एफ. हुसेन यांच्यासारखे चित्रकार तिथे बसायचे, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर पहिलं प्रदर्शन मांडायला आलेला सांगली-कोल्हापूरचा पोरगा. कलादालनाची संस्था आणि कॅफेचालक यांच्यात जागेवरून बरीच वर्षं न्यायालयात वाद चालला, आणि 31 मार्च 2015 रोजी समोवार बंद झालं. न्यायालयात पक्ष दोनच होते. जागा संस्थेची, तिला ती दुसऱ्या कामाला हवी. चालक तिथे पन्नास वर्षं. कायद्यानं बघितलं ते या दोघांचं. पन्नास वर्षं जे तिथे येऊन बसले, ज्यांनी ती जागा समोवार केली, त्यांचं म्हणणं ऐकण्याची सोय कुठल्याच कलमात नव्हती. शेवटच्या दिवसांत तिथे रांगा लागल्या, वर्तमानपत्रांत पानं भरली. त्या सगळ्या भावनेला कायद्याच्या दृष्टीनं काडीचं वजन नव्हतं.

समोवारला निदान निरोपाचे लेख तरी मिळाले. गिरणगावातल्या खाणावळींना तेही मिळाले नाहीत. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुरातून आलेल्या एकट्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायका आपल्या दहा-बाय-बाराच्या खोलीतच खाणावळ चालवायच्या. पाळी सुटली की पंगत, दुसरी पाळी सुटली की दुसरी. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा उधारीवर हजारो कामगारांना जगवणाऱ्यांत या खाणावळी होत्या. पुढे गिरण्यांच्या जवळपास 600 एकर जमिनीचा प्रश्न आला. 1991 च्या नियमात या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि गिरणीमालक असे साधारण एक-तृतीयांशाचे वाटे होते. 2001 मध्ये ते वाटे फक्त मोकळ्या जमिनीपुरते करून टाकले, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल उचलून धरला. त्या सगळ्या भांडणात मैदानांचा विचार झाला, घरांचा झाला, कामगारांच्या देण्यांचा थोडाफार झाला. जिथे गिरणगाव जेवलं त्या जागांचा विचार कुणाच्याही मसुद्यात नव्हता. आज लोअर परळला दुपारी जेवायला बाहेर पडणारा सुरक्षारक्षक किंवा सफाई कामगार फुटपाथच्या कडेला उभा राहून वडापाव खातो, कारण बसून खाण्याजोगी, त्याच्या खिशाला झेपेल अशी जागा त्या भागात फारशी उरलेली नाही.

म्हणून मला ‘आठवणींच्या जागा’ हा शब्दप्रयोग अपुरा वाटतो. आठवणी ज्यांना आहेत त्यांच्याकडे बहुधा घरी बसायला दिवाणखानाही असतो. जुन्या हॉटेलाची खरी गरज असते ती ज्याच्या घरात बसायला जागा नाही त्याला, दोन नोकऱ्यांच्या मधला तास काढणाऱ्याला, निवृत्तीनंतर सुनेच्या पायांत येऊ नये म्हणून सकाळी बाहेर पडणाऱ्याला, गावाहून मुलाखतीसाठी आलेल्याला. ही माणसं ‘वारसा’ म्हणून मोर्चा काढत नाहीत. ती दुसरा आडोसा शोधतात.

आता मालकांच्या बाजूचा आक्षेप. पुढची पिढी हॉटेलात यायला तयार नाही, ती परदेशात आहे, डॉक्टर आहे. भागीदारांची नातवंडं वाढून एका गल्ल्याचे वीस वाटेकरी झाले. मग शहर काय जबरदस्तीनं चालवायला लावणार का? जबरदस्ती कुणावर नको. पण हे कारण प्रत्येक बंद हॉटेलाला चिकटवून मोकळं होणंही बरोबर नाही. मेरवान बंद होणार अशी बातमी 2014 मध्ये आली, मावा केकसाठी झुंबड उडाली. पुढे डागडुजी होऊन ते पुन्हा सुरू झालं. शंभर वर्षांच्या दुकानाला गिऱ्हाईक कमी नव्हतं. शिवाय वारस नको म्हणाले तरी कामगार असतात. सरकारी कॉफी बोर्डानं 1950 च्या दशकात आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि तीच कॉफी हाउसं चालवायला घेतली. त्यातली कित्येक साठ वर्षांनंतरही उभी आहेत. सहकाराचं शिक्षण बाहेरून घेण्याची गरज महाराष्ट्राला तर नक्कीच नाही.

मग करायचं काय? नवं काही शोधून काढायला नको. मुंबईच्या नियमावलीतच वाट आहे. चित्रपटगृहाच्या किंवा नाट्यगृहाच्या भूखंडाचा पुनर्विकास करताना मूळ आसनांपैकी ठरावीक हिस्सा नव्या इमारतीत ठेवावा लागतो. म्हणजे काही जागा मालकीनं खासगी असल्या तरी त्यांचा वापर शहरासाठी राखायचा, हे तत्त्व आपण आधीच मान्य केलेलं आहे. त्याच नियमावलीत निवासी इमारतीतल्या व्यायामशाळेचं आणि सोसायटीच्या कार्यालयाचं क्षेत्रफळ चटई क्षेत्र निर्देशांकात, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या मर्यादेत (एफएसआय) मोजत नाहीत. फक्त आतल्या रहिवाशांसाठी असलेल्या व्यायामशाळेला सूट मिळते. मग अख्ख्या वस्तीला खुल्या असलेल्या हॉटेलाला ती का मिळू नये? चाळीस-पन्नास वर्षांहून जुनं, रस्त्यावरून थेट आत जाता येणारं, सामान्य दरात बसून खायची सोय असलेलं हॉटेल इमारतीत असेल, तर नव्या इमारतीत त्याला तळमजल्यावर, रस्त्याकडेलाच, भटारखान्यासकट जागा द्यावी, आणि ती जागा निर्देशांकाच्या बाहेर धरावी. विकासकाचं नुकसान नाही. बदल्यात ती जागा हॉटेलासाठीच राहील अशी नोंद मालमत्तापत्रकावर व्हावी. हॉटेल चालू आहे तोवर मालमत्ता कर सवलतीच्या दरानं. बांधकामाच्या काळात जवळपास तात्पुरती जागा. आणि भाडेकरूंना भाडं द्यायचं ठरतं त्याच करारात हॉटेलच्या कामगारांच्या पगाराचा वाटा. वारसांना चालवायचं नसेल तर पहिला विचार कामगारांच्या संस्थेचा.

बाहेर हे प्रयोग झालेले आहेत, त्यांच्या मर्यादाही दिसलेल्या आहेत. सॅन फ्रान्सिस्कोनं 2015 मध्ये तीस वर्षांहून जुन्या व्यवसायांची नोंदवही सुरू केली, आणि अशा भाडेकरूला किमान दहा वर्षांचा करार देणाऱ्या घरमालकाला शहराकडून अनुदान देऊ केलं. घरमालकाला शत्रू न मानता त्याला पैसे देण्याची ही पद्धत मला आपल्याकडच्या पागडीच्या कोंडीतही उपयोगी वाटते. ब्यूनस आयर्सनं 1998 मध्ये कायदा करून जुन्या कॅफेंची यादी केली. पण त्याच शहरातलं रिचमंड हे नामांकित कॅफे 2011 मध्ये बंद झालं आणि त्या जागी खेळाच्या वस्तूंचं दुकान आलं. नुसत्या यादीनं इमारतीचा दर्शनी भाग वाचतो, आतला चहा वाचत नाही. मुंबईच्या 1995 च्या वारसा नियमांचीही हीच अडचण आहे. कमानी, कठडे, छपराचा उतार यांना श्रेणी आहेत. आत कोण बसतं याला श्रेणी नाही. म्हणून वापराची नोंद आणि पैशाची तरतूद, दोन्ही बरोबर हवीत.

घाईचं कारणही सांगतो. आतापर्यंत इमारत एकेक जायची. बाजूची राहायची. हॉटेल गेलं तरी पुढच्या कोपऱ्यावर दुसरं असायचं. आता समूह पुनर्विकासात अख्खा मोहल्ला एकदम उतरतो. भेंडीबाजारच्या प्रकल्पात साडेसोळा एकर जागा, सुमारे 250 इमारती, 3,200 कुटुंबं आणि 1,250 दुकानं आहेत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचं काम सुरू आहे. पुण्यात पेठांमधले वाडे जातायत, डेक्कनचं ‘लकी’ तर केव्हाच गेलं. एवढ्या मोठ्या तुकड्यात नवा आराखडा कागदावर काढताना दहा हॉटेलांच्या जागा राखणं सोपं असतं. इमारती उभ्या राहिल्यावर एकही राखता येत नाही.

ज्यांच्या इमारतीची सभा अजून व्हायची आहे त्यांच्याशी बोलून थांबतो. 51 टक्के भाडेकरूंच्या संमतीशिवाय विकासकाचा प्रस्ताव पुढे जात नाही. त्या सभेत सगळ्यांचं लक्ष आपल्या घराच्या क्षेत्रफळावर, विकासकाकडून मिळणाऱ्या एकरकमी निधीवर (कॉर्पसवर) आणि भाड्याच्या धनादेशांवर असतं, आणि ते असायलाच हवं. पण त्याच बैठकीत तळमजल्याचा नकाशा मागून घ्या. रस्त्याच्या बाजूला मोटारींची चढण कुठून येते, गाळ्यांची तोंडं कुणीकडे आहेत, भटारखान्याचा धूर वर न्यायला नळकांड्याची सोय ठेवली आहे की नाही, हे विचारा. हॉटेलमालकाला पुढे बसवा, त्याच्या कामगारांनाही बोलवा, आणि त्यांच्या अटी तुमच्या करारात तुमच्याच सह्यांखाली घाला. सरकार नियम बदलेल तेव्हा बदलेल. 51 टक्क्यांत मोजली जाणारी सही मात्र आज तुमच्याकडे आहे, आणि ती दिल्यानंतर पुन्हा मागायला कुणी येत नाही.